बाजूला ठेवलेली ओळ

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

रचायचंच असतं तर मी अमावस्या घेतली असती, पडकी विहीर घेतली असती, कुत्र्यांचं रडणं घेतलं असतं. तुम्हाला वाचायला मजा आली असती आणि मला झोप लागली असती.

हे घडलं भर दुपारी. शनिवारी, सव्वादोन वाजता. चौथ्या मजल्यावरच्या एका ऑफिसात, जिथे पांढरेशुभ्र दिवे होते, एसी होता आणि कोपऱ्यात कॉफीचं मशीन होतं.

आणि घडलं माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत.

मी तिला ताई म्हणतो, इथेही ताईच म्हणेन. ती सॉफ्टवेअर लिहिते. मी औषधाच्या दुकानात बसतो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तिने मला जसं समजावलं, तसंच सांगतो.

ताईची कंपनी लिफ्टसाठी सॉफ्टवेअर बनवायची. बटण दाबल्यावर लिफ्टने कुठे जायचं, दार कधी लावायचं, वजन जास्त झालं तर कधी ओरडायचं, हे सगळं कोणीतरी ओळीओळीने लिहिलेलं असतं. त्यालाच कोड म्हणतात. भाऊजीही त्याच कंपनीत. ते मेकॅनिक. जागेवर जाऊन लिफ्ट बसवायची, बिघडली की उघडायची. म्हणजे ताई खुर्चीत बसून जे लिहायची, त्याच्या भरवशावर भाऊजी रोज अधांतरी उभे राहायचे.

एवढं लक्षात ठेवा.

त्या ऑफिसात एक वयस्कर गृहस्थ होते. तोंडावर सगळे त्यांना सर म्हणायचे, पाठीमागे फूटपट्टी. कारण त्यांच्याकडे एक स्टीलची फूटपट्टी होती. कोड लिहून झाला की ती ते स्क्रीनच्या काचेवर उभी धरायचे आणि ओळी एकाखाली एक आहेत की नाहीत ते बघायचे. दिवसभर त्यांच्या टेबलावरून आवाज यायचा.

टक्... टक्...

स्टीलचा, काचेवर.

माणूस म्हणजे कडू कारलं. तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच. नव्या पोरांना एक गोष्ट धड समजावून सांगायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "कळायचं असतं तर आधीच कळलं असतं."

गंमत अशी, की एवढ्या काटेकोर माणसाच्या फायलींत काही ओळी मात्र भलतीकडेच असायच्या. सगळ्या ओळी रांगेत, आणि मधलीच एखादी उजवीकडे सरकलेली, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखी. आणि ती एका जागी राहायची नाही. सर रोज सकाळी येऊन तिच्यापुढे आणखी थोडी मोकळी जागा टाकायचे. रोज थोडी थोडी उजवीकडे.

कंपनीचा नियम असा, की कोडला हात लावला की नोंद झाली पाहिजे. कोणी लावला, कधी, कशासाठी. बाकीचे लोक दोन-दोन वाक्यं लिहायचे. सरांची नोंद कायम दोन शब्दांची.

‘बाजूला ठेवली.’

लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचे डोळे गेले.

ताईने तर एक दिवस कमालच केली. तिचा स्वभाव मला लहानपणापासून माहीत आहे. हसण्यावारी न्यायची गोष्ट ती चव्हाट्यावर नेते. मीटिंगमध्ये तिने सरांची फाईल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली आणि म्हणाली, "ही बघा आपल्या कंपनीची शिस्त."

सगळे हसले. खोलीत बारा-तेरा माणसं होती.

सर हसले नाहीत. उभे राहिले. म्हणाले, "ती ओळ सरळ करू नकोस."

"का पण?"

"मी बाजूला ठेवली आहे."

"सर, पण का ठेवली आहे? काहीतरी कारण सांगा ना."

ते तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. ताई म्हणते, इतक्या थंड डोळ्यांनी तिच्याकडे त्याआधी कोणी बघितलं नव्हतं.

"तुझ्यावर वेळ येईल," ते म्हणाले, "तेव्हा कळेल."

आणि निघून गेले.

त्याच आठवड्यात ते वारले. बसस्टॉपवर उभे होते, खाली बसले, आणि उठलेच नाहीत. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. ऑफिसात दोन मिनिटं शांतता पाळली. तिसऱ्या मिनिटाला मॅनेजरने ताईला सांगितलं, "तू आता त्यांच्या टेबलावर बस. खिडकीजवळ आहे, उजेड चांगला आहे."

ताई बसली. स्क्रीनच्या काचेवर बारीक उभे ओरखडे होते. खालच्या खणात फूटपट्टी होती. ताईने ती तशीच राहू दिली.

महिनाभराने मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. बाहेरची एक मोठी कंपनी कोड तपासायला येणार होती.

"सोमवारी पाहुणे येतायत," तो म्हणाला. "घर आवरून ठेवा. सगळ्या फायली एका साच्यात दिसल्या पाहिजेत."

सहाशेच्या वर फायली. हाताने करायला गेलं तर दोन महिने. पण ताईने त्यावर उपाय काढला. ज्यात कोड लिहितात तो एडिटर म्हणजे एक वहीच म्हणा, पण त्या वहीला आपल्या सवयी शिकवता येतात. ताईने तिला शिकवण्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. जेमतेम चाळीस ओळींची. एक बटण दाबलं की उघडलेली फाईल आपोआप नीट. जादा मोकळ्या जागा गायब, कंसाखाली कंस, समासाला समास.

यात कामाचा काही फरक पडत नाही, हे ताईने मला दहादा सांगितलं. मशीनला ओळ डावीकडे आहे की उजवीकडे याचं सोयरसुतक नसतं. फक्त दिसणं बदलतं. तरीही तिने खात्री केली. आधीचा कोड आणि नंतरचा कोड, दोन्हींपासून बनलेला, लिफ्टमध्ये भरायचा मशीनचा माल तिने पडताळला. एका ठिपक्याचाही फरक नव्हता.

गुरुवारी दुपारपर्यंत पाचशे नव्वद फायली झाल्या. ताई खूश. राहिल्या फक्त सरांच्या.

तिने पहिली उघडली. बटण दाबलं. ओळी पटापट रांगेत आल्या. सेव्ह केलं, बंद केलं. जेवून आली आणि सहज पुन्हा उघडली...

एक ओळ चार जागा उजवीकडे होती.

तिला वाटलं स्क्रिप्टमध्येच काही चुकलंय. तपासली. चूक नव्हती. पुन्हा बटण, ओळ जागेवर, सेव्ह. चहा घेऊन आली...

ओळ आठ जागा उजवीकडे.

आता तिचं डोकं फिरलं. तिने नोंदी उघडल्या. कोणी हात लावला ते दिसणारच होतं. आणि दिसलं.

नाव ताईचंच होतं. वेळ एक वीसची. एक वीसला ती खाली डबा खात होती.

आणि कारणाच्या जागी दोन शब्द...

‘बाजूला ठेवली.’

भुताचा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. तिला समोरच्या टेबलावरचा टकलू आठवला. सरांची जागा आपल्याला मिळावी म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता, आणि ताईला मिळाल्यापासून धड बोलत नव्हता. ती तडक त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"माझ्या मशीनवर बसला होतास?"

"मी?"

"नाही, तुझा आत्मा."

"तुझ्या मशीनला हात लावायला मला वेळ आहे? स्वतःची कामं संपत नाहीत इथे."

"मग ओळी कोण सरकवतंय?"

टकलूने आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खुर्चीकडे. आवाज खाली आणला.

"चार माणसांत त्यांची लाज काढलीस. ते गेले. वर त्यांच्याच खुर्चीत बसलीस," तो म्हणाला. "आता मला कशाला विचारतेस? निस्तर आपलं आपण."

शुक्रवारी तिने मशीनचा पासवर्ड बदलला. जाताना कीबोर्डसुद्धा काढून बॅगेत घातला. ताई ती ताईच.

शनिवारी सुट्टी होती. ती एकटीच ऑफिसात गेली, म्हणजे चोर कोण ते कळेल. पहारेकरी खाली. चौथ्या मजल्यावर दुसरं कोणी नाही. दिवे लख्ख. खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं.

तिने फाईल उघडली...

ओळ स्क्रीनच्या निम्म्यावर पोचली होती.

ही ओळ कसली होती ते सांगतो. दार पूर्ण लागलंय याची खात्री झाल्याशिवाय लिफ्ट हलवायची नाही, एवढंच ती सांगत होती.

ताईने बटण दाबलं. ओळ डावीकडे आली. तिने कीबोर्डवरून हात उचलले. मांडीवर ठेवले. आणि बघत बसली.

एसी बंद झाला.

मग... तिच्या डोळ्यांदेखत... ओळ सरकली.

एक जागा. थांबली. आणखी एक जागा.

कोणीतरी बोटाने, सावकाश, मोजून स्पेसचं बटण दाबावं तशी.

दुसरं कोणी असतं तर पळालं असतं. मी तर चप्पलही घातली नसती. पण ताईच्या अंगात घाबरण्याआधी राग येतो. तिने तिथल्या तिथे स्क्रिप्ट बदलली. आता बटण दाबायची गरज नव्हती. स्क्रिप्टच दर सेकंदाला ओळ डावीकडे ओढणार होती. कोणी कितीही सरकवो.

चालू केली.

ओळ डावीकडे. ओळ उजवीकडे. डावीकडे. उजवीकडे. रस्सीखेच चालावी तशी ती ओळ थरथरायला लागली. आधी एकेक जागा. मग पाचपाच. मग इतक्या वेगाने की अक्षरं वाचता येईनात.

आणि मग तिच्या अगदी समोर, काचेवर...

टक्.

ती मागे सरकली. टेबलावर काहीच नव्हतं. खालचा खण बंद होता.

टक्... टक्...

आवाज काचेच्या डाव्या कडेला सुरू झाला होता. आता मधे आला होता. दर आवाजाला ओळ तिथपर्यंत यायची. स्क्रिप्ट तिला मागे ओढायची. पुन्हा टक्. आता उजवीकडे. आणखी उजवीकडे. काचेच्या अगदी कडेला.

ताईच्या मानेवर गार वारा आला. एसी बंद होता.

ती उठली, आणि मोकळ्या ऑफिसात मोठ्याने ओरडली.

"मेलात ना? मग मरा की नीट! माझ्या कामात ढवळाढवळ करायची नाही! ही फाईल आता माझी आहे!"

आवाज थांबला.

ओळ हळूच डावीकडे आली, इतर ओळींच्या रांगेत बसली, आणि तिथेच राहिली. घड्याळात सव्वादोन झाले होते.

एसी चालू झाला.

ताई अर्धा तास बघत बसली. ओळ तसूभरही हलली नाही. तिने सेव्ह केलं आणि नोंदीत ठसक्यात दोन शब्द लिहिले. ‘सरळ केली.’

घरी येऊन तिने मला फोन केला. "जिंकले रे छोट्या," म्हणाली. मी बत्तीस वर्षांचा आहे, पण तिच्यासाठी छोट्याच. मी विचारलं, कोणाशी? ती हसली. पण तिचे दात वाजत होते, ते फोनवरही ऐकू येत होते.

सोमवारी पाहुणे आले. कोड बघून मान डोलावून गेले. मॅनेजरने सगळ्यांसमोर ताईची पाठ थोपटली.

मंगळवारी भाऊजींचा अपघात झाला.

एका जुन्या इमारतीत लिफ्ट अडली होती. दार उघडं ठेवून भाऊजी एक पाय आत, एक पाय बाहेर टाकून वाकले होते. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही. पंधरा वर्षं ते याच भरवशावर असं वाकत आले होते.

लिफ्ट हलली. वीतभरच वर गेली.

उजव्या पायाची तीन बोटं गेली. हातभर वर गेली असती तर काय झालं असतं, ते भाऊजी कधी बोलत नाहीत.

चौकशी झाली. आत एक सुटा भाग झिजला होता म्हणाले. कोडचा दोष नाही. ताईने स्वतः पुन्हा पडताळून पाहिलं. मशीनच्या मालात आधी आणि नंतर एका ठिपक्याचा फरक नव्हता. कागदावर ती निर्दोष होती.

पण मग तिने नोंदी उघडल्या, सहज. शनिवारची तिची नोंद होती. ‘सरळ केली.’ तिच्याखाली आणखी एक नोंद होती. नाव ताईचंच. वेळ दोन सोळा, ती ओरडली त्याच्या पुढच्याच मिनिटाची. कारणाच्या जागी एकच शब्द...

‘बरं.’

त्या दिवसानंतर ताई ऑफिसात गेली ती फक्त दोनदा. पहिल्यांदा गेली ती जुन्या नोंदी आणि तक्रारींचं रजिस्टर समोरासमोर ठेवायला. सरांनी एवढ्या वर्षांत चौदा ओळी बाजूला ठेवल्या होत्या. प्रत्येक ओळ रोज थोडी थोडी सरकत गेली होती. ज्या दिवशी ती स्क्रीनच्या उजव्या कडेला टेकली, त्याच दिवशी कुठेतरी लिफ्टचा नेमका तोच भाग बिघडला होता.

चौदा ओळी. चौदा बिघाड. बिघाड झाला, की दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा जागेवर.

तिने घरी येऊन भाऊजींना सांगितलं. ते पाय उशीवर ठेवून पडले होते. सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मला एकदा त्यांचा फोन आला होता."

"कोणाचा?"

"सरांचा. तीन वर्षं झाली. म्हणाले, आज त्या बाजारातल्या इमारतीत जाऊ नकोस, उद्या जा. मी म्हटलं का? तर म्हणे, मी सांगतोय म्हणून. दुसऱ्या दिवशी गेलो तर तार तुटून खाली पडलेली. मी तिथेच उभा असतो."

"मला कधी बोलला नाहीस."

"योगायोग वाटला. संध्याकाळी मी त्यांना गाडीवरून बसस्टॉपला सोडायचो. माझ्याशी बरे वागायचे."

ताईने बरोबर आणलेलं रजिस्टर पुन्हा उघडलं. चौदांपैकी तीन वेळा माणसं जखमी झाली होती. त्या तिघांपैकी कोणाला फोन आल्याचं भाऊजींनी कधी ऐकलं नव्हतं. त्यातल्या दोघांचं सरांशी पटत नव्हतं, हे सगळ्या कंपनीला माहीत होतं.

"म्हणजे ते सावध करायचे," भाऊजी म्हणाले. "या वेळीही करत होते. आपण ऐकलं नाही."

"सावध करायचं असतं तर तोंडाने सांगितलं असतं," ताई म्हणाली. "वाटेल त्याला सांगायचे, वाटेल त्याला मरू द्यायचे."

"अगं, मेलेल्या माणसाबद्दल असं..."

"मेलाय कुठे तो?"

दुसऱ्यांदा ती राजीनामा द्यायला गेली. खणातली फूटपट्टी तिने बरोबर आणली. का आणली, तिलाही सांगता येत नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

ताईच्या घरी दाराच्या आत, भिंतीच्या कडेने सगळ्यांच्या चपला एका रांगेत असतात. ताईची शिस्त. राजीनाम्यानंतर आठवड्याभराने ती सकाळी उठली आणि बघते तर...

सासूबाईंच्या चपला रांगेतून चार बोटं उजवीकडे.

तिने पायाने सारून जागेवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सहा बोटं. तिसऱ्या दिवशी आठ. चपला कपाटात ठेवल्या, तर कपाटात सरकल्या. फेकून नव्या आणल्या, तर नव्या त्याच जागेपासून पुढे निघाल्या. जुनं अंतर त्यांना माहीत असल्यासारख्या.

ताईने सासूबाईंना हलू देणं बंद केलं. जिना नाही, बाजार नाही, बाथरूमलाही एकटीने जायचं नाही.

"मला काय कुलपात ठेवणार आहेस?" म्हातारी कडाडली. "माझ्या मुलाचा पाय गेला तो तुझ्या कॉम्प्युटरमुळे, आणि पहारा माझ्यावर?"

ताईने ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलली नाही.

अठराव्या दिवशी चपला समोरच्या भिंतीला टेकल्या. ताई दिवसभर म्हातारीचा हात धरून पलंगावर बसून राहिली. सासूबाई आधी चिडल्या, मग दमल्या, मग दुपारी जेवून झोपल्या. ताईच्या हातात हात होता.

सव्वादोन वाजता तो हात गार झाला.

डॉक्टर म्हणाले, वय होतं. झोपेत गेल्या, भाग्यवान.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला रांगेत होत्या.

त्यानंतर दीड महिना काही झालं नाही. ताई रोज सकाळी चपला बघायची, मग चूळ भरायची. मला तिने हे सगळं एका बैठकीत सांगितलं, मागच्या महिन्यात, मी तिला भेटायला गेलो होतो तेव्हा. मी हसलो. खरं सांगतो, हसलोच. म्हटलं, ताई, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, एखादी गोळी देऊ का दुकानातून? ती चिडली नाही. तेव्हाच मला कसंतरी झालं.

मी निघालो. दाराशी आलो.

भाऊजींचे बूट रांगेत होते. ताईच्या चपला रांगेत होत्या.

माझ्या चपला...

चार बोटं उजवीकडे.

ताईने बघितलं. मीही बघितलं. खाली बसली, हाताने माझ्या चपला ओढून जागेवर ठेवल्या. ती कधी मला सोडायला जिन्यापर्यंत येत नाही. त्या दिवशी रस्त्यापर्यंत आली. माझी कॉलर नीट केली. आणि ती फूटपट्टी माझ्या हातात दिली.

"रोज मोज," म्हणाली. "आणि मला खरं सांग."

मी एकटा राहतो. चपला पलंगाखाली, डाव्या भिंतीला लावून ठेवतो. त्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, चपला धरून, चार फूट आहे. मोजलंय.

त्या दिवसापासून ताईचा रोज सकाळी नऊला फोन येतो. मी दुकान उघडत असतो.

"किती?"

"चार बोटं. तेवढंच आहे."

"नक्की?"

"नक्की गं. हललंच नाही."

पहिले दोन दिवस हे खरं होतं.

आज सकाळी उठलो, फूटपट्टी घेतली, गुडघ्यावर बसलो. डाव्या भिंतीपासून चपलांपर्यंत एकदा लावली. दुसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदा लावली. चौथ्यांदा लावायला चपला आणि समोरची भिंत यांच्या मधे पुरती जागाच उरली नव्हती.

मी फूटपट्टी खाली ठेवली, लादीवर. उठलो.

माझ्या पाठीमागे...

टक्.

नऊला फोन आला.

"किती?"

"चार बोटं."

मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"माझी शपथ घेऊन सांग," ती म्हणाली.

ताईची खोटी शपथ मी लहानपणीही कधी घेतली नाही.

"गिऱ्हाईक आलंय गं," मी म्हटलं. "ठेवतो."

दुकानात कोणीच नव्हतं.